गिरधरनं ठोकून ठेवलेली पेटी

रावेरच्या स्टेशन रस्त्याकडून आत वळलं की शेवटच्या गल्लीत गिरधरचं घर. घराच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड आणि शेडमध्ये त्याची भट्टी. जुनी अॅल्युमिनियमची भांडी, मोडके पिस्टन, कूलरचे पंखे वितळवून तो पुल्या, बुश, झाकणं ओतून द्यायचा. बाजारात मिळत नाही तो भाग गिरधरकडे मिळतो, असं आसपासच्या खेड्यांत ठाऊक झालं होतं.

ओतायचं काम गिरधरचं आणि साच्याची वाळू त्याच्या बायकोची, सुनंदाबाईची. नदीची वाळू बारीक चाळायची, तिच्यात चाळलेली चिकणमाती घालायची आणि मग इंजिन ऑइल थोडं थोडं सोडत टाचेनं मळत राहायचं. मुठीत दाबली की मुठीची खूण धरून राहील आणि मोडली की स्वच्छ दोन तुकडे होतील, अशी. लग्नानंतर काही वर्षांत तिच्या हातांना तेलाचा जो वास लागला तो साबणानंही गेला नाही. गिरधर गमतीनं म्हणायचा, "अंधारात बी तुले वळखीन."

त्या दिवशी सकाळी त्यानं लाकडी पेटीत एका पुलीचा साचा ठोकला, वरची वाळू तळव्यानं सारखी केली, पेटीवर पोतं टाकलं आणि म्हणाला, "चहा पिऊन येतो, मंग भट्टी पेटवू." टपरीवर बाकड्यावर बसल्या बसल्या त्याची मान कलली. कप हातातच होता, असं टपरीवाला नंतर सगळ्यांना सांगत होता.

सुनंदाबाई रडली नाही. दहावं झालं, तेरावं झालं, तरी नाही. बायका जवळ बसून म्हणायच्या, "रडून घे वं माय, मोकळी होशीन." ती मान हलवायची. त्यांचे ओठ हलताना दिसायचे, शब्द कुठंतरी भिंतीपलीकडे बोलल्यासारखे यायचे. ताटात वाढलं ते ती खायची. तिखट आहे की अळणी, ते कळायचं नाही. अंगण झाडून झाल्यावर ती पुन्हा झाडायला घ्यायची आणि कामिनी हातातून झाडू काढून घ्यायची. कामिनी तिची एकुलती मुलगी. धुळ्याला एका शाळेच्या कचेरीत नोकरी, सासरही तिथलंच. रजा वाढवून ती आईपाशी थांबली होती.

तेराव्यानंतर योगराज आला. केळीच्या खांबातून धागा काढायचं मशीन त्याच्या शेतात होतं. गावातल्याच एका मिस्तरीनं बनवलेलं, म्हणून त्याच्या मापाची पुली कुठंच मिळत नव्हती. तो ओट्यावर टेकला.

"वहिनी, बोलाले जीभ रेटत नाही," तो म्हणाला. "पन मशीन बंद पडेल हाये. खांबं सडू राह्यले. भाऊनं पुली ठोकेल व्हती का?"

"ठोकेल हाये," सुनंदाबाई म्हणाली. "ओतेल नाही."

ती उठून शेडमध्ये गेली. पोतं बाजूला केलं. पाण्यात कालवलेली वाळू असती तर एव्हाना सुकून ढासळली असती. ही तेलाची, ती सुकत नाही. साचा जसाच्या तसा होता. वरच्या वाळूवर गिरधरच्या तळव्याचा ठसा होता, अंगठ्याजवळची जुनी जखमही उमटलेली. कामिनी मागून आली आणि तो ठसा पाहून तिथंच खाली बसली.

"आई, ही पेटी अशीच राहू दे," ती रडत म्हणाली. "बाबांचा हात आहे हा. दुसरा साचा कर ना."

सुनंदाबाईनं त्या ठशाकडे पाहिलं. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे तिला समजत होतं. तिनं वाट पाहिली. काही आलं नाही.

"त्याईनं तो पुलीसाठी ठोकेल हाये," ती म्हणाली. "पाह्यत बसासाठी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भट्टी पेटवली. कामिनी घरातून बाहेर आली नाही. सुनंदाबाईनं ब्लोअर सुरू केला, मुशीत भंगार टाकलं, वर आलेली मळी झाऱ्यानं काढली. हे सगळं तिनं आयुष्यभर पाहिलेलं. वितळलेल्या रसात लोखंडी सळई बुडवायची, सळईला धातू चिकटला तर रस अजून थंड, स्वच्छ निघाली तर तयार. हेही तिला माहीत होतं. पण त्या सकाळी तिनं सळई बुडवलीच नाही. मूस उचलली आणि ओतली. वाळूतून तेलाचा काळा धूर उठला.

पेटी उघडली तेव्हा पुली अर्धी होती. रस वाटेतच थिजला होता, एका बाजूची कडा भरलीच नव्हती. गिरधरनं केलेला साचा फुटून काळ्या ढेकळांचा ढीग झाला होता.

धुराच्या वासानं कामिनी धावत आली. तिनं अर्धी पुली पाहिली, ढेकळं पाहिली.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "एवढं एकच उरलं होतं त्यांच्या हातचं. तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

"नाही वाटत," सुनंदाबाई म्हणाली. "खोटं कायले सांगू, कामिनी. काहीच वाटत नाही. मले बी समजत नाही, असं काऊन झालं ते."

कामिनी पुढं बोलणार होती, पण तिची नजर आईच्या पायाकडे गेली. पावलावर मोठा फोड आला होता. रसाचा थेंब उडाला असावा. सुनंदाबाईनं खाली वाकून पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा पाय पाहावा तसं. कामिनीनं तिला धरून नळाखाली नेलं, पायावर पाणी सोडलं, आणि खूप वेळ ती तो पाय सोडेना.

दुपारी सुनंदाबाई पुन्हा शेडमध्ये बसली. जळालेली काळी वाळू निवडून फेकली, उरलेली चाळली, ताजी घातली. पाय दुखत होता म्हणून हातानंच मळू लागली. थोड्या वेळानं कामिनीनं सलवार दुमडली आणि वाळूत उभी राहिली.

"किती तेल?" तिनं विचारलं.

"अजून नको. आधी मळ."

गिरधरनं पुलीसाठी केलेला लाकडी नमुना पेटीत ठेवून सुनंदाबाईनं स्वतः साचा ठोकला. पहिल्यांदा नमुना काढताना कडा तुटली. मोडला, पुन्हा ठोकला. दुसऱ्या दिवशी ओतताना तिनं सळई बुडवली. धातू चिकटला. ती थांबली. पुन्हा बुडवली. स्वच्छ निघाली तेव्हाच मूस उचलली.

पुली पूर्ण आली. एका जागी बारीक भोकं राहिली होती, पण लेथवाल्यानं खाच पाडली तेव्हा ती निघून गेली. योगराजनं पुली बसवली आणि मशीन चालू झाल्याचं फोनवर सांगितलं. सुनंदाबाई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून दिला. आनंद झाला असं नाही. फक्त त्या रात्री तिला झोप लागली.

कामिनी धुळ्याला परत गेली. जाताना रागही नव्हता आणि फार बोलणंही नव्हतं. कामं येत राहिली, सगळी नाही, काही लोक आता मुक्ताईनगरला जातात. आली ती सुनंदाबाई करते. बिघडली तर पुन्हा वितळवते. गल्लीतल्या बायकांना वाटतं, या बाईचं काळीज दगडाचं. ते तिच्या कानावर आलं, पण तिनं मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी कामिनीचा फोन येतो.

"आज काय ओतलं?"

"पंपाचं झाकण."

"नीट आलं?"

"एका अंगानं खरबरीत आलं. उद्या परत ओतीन."

"जेवलीस?"

"जेवतो आता. तू जेवली का?"

मग फोन ठेवून सुनंदाबाई ताट वाढून घेते.