बटणकाकूंचा दोनशे चौदा किलो धूर

गल्लीतली मुलं त्यांना बटणकाकू म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. कुणाकडे बसायला गेल्या आणि शेजारच्या रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला, की काकू बोलणं अर्ध्यावर टाकून उठत, बटण बंद करून परत येत आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू करत. एकदा दाताच्या दवाखान्यात त्यांनी दोन माणसं वाचत बसलेली असताना दिवा बंद केला होता. खिडकीतून एवढा उजेड येत असताना दिवा कशाला, असं त्यांनी त्या दोघांनाच विचारलं. दोघांनी मुकाट्यानं खुर्च्या खिडकीजवळ ओढल्या.

एकतीस वर्षं त्या एका रुग्णालयाची कपडे-खोली सांभाळत होत्या. धुवायला गेलेल्या चादरी, धुऊन आलेल्या चादरी, फाटलेले अभ्रे, बदललेले टॉवेल, सगळं त्यांना तोंडपाठ. एका हातानं गठ्ठा सोडत आणि दुसऱ्या हातानं वहीत खूण करत. चादर हरवली असं त्यांच्या काळात कधी झालं नाही. हरवलीच, तर ती कुठल्या वॉर्डात कुणाच्या उशीखाली निघेल हे त्या अंदाजानं सांगत आणि ती तिथेच निघे.

म्हणून तर ते बिल आल्यावर त्या इतक्या हादरल्या.

वीज कंपनीनं त्या वर्षीपासून बिलासोबत एक रंगीत कागद जोडायला सुरुवात केली होती. तुमच्या घरी किती युनिट जळले, तुमच्या गल्लीची सरासरी किती, कितव्या युनिटानंतर दर चढतो आणि सगळ्यात खाली, तुमच्या घरच्या विजेपायी हवेत किती कार्बन गेला. काकूंच्या कागदावर तीनशे सहा युनिट होते. गल्लीची सरासरी एकशे वीस. कार्बन दोनशे चौदा किलो. कागदाच्या कोपऱ्यात लाल रंगाची चिमणी छापली होती आणि तिच्यातून धूर निघत होता. गल्लीत सर्वांत जास्त वापर असलेल्या घरांत आपला समावेश होतो, असं शेवटी अदबीनं लिहिलं होतं.

काकूंनी कागद चष्मा लावून वाचला, मग चष्मा पुसून वाचला.

"अहो, धुराला वजन असतं का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बाजारातली टपरी त्यानं गेल्या वर्षी घराच्या पायऱ्या उतरवेनात तेव्हा बंद केली आणि खिडकीपाशी टेबल मांडून घरीच काम घेऊ लागला. डोळ्याला भिंग, टेबलावर एक दिवा, चिमट्यात तांदळाच्या कणीएवढा स्क्रू. गल्ली त्याला घड्याळजी म्हणे. भिंग न काढताच त्यानं सांगितलं, की असेल बाबा, हल्ली सगळ्यालाच असतं.

"माझं वजन बावन्न. म्हणजे माझ्यासारख्या चार बायका धूर होऊन गेल्या की काय?"

"एक इथे असली म्हणजे झालं," घड्याळजी म्हणाले.

थट्टा तिथेच राहिली. काकूंना मात्र रात्रभर तो आकडा चावत होता. घरात दोन पंखे, दोन दिवे, एक जुना फ्रिज, संध्याकाळी तासभर टीव्ही आणि हा टेबलावरचा दिवा. एवढ्यात तीनशे सहा युनिट कसे बसवणार? चोर शिरला तरी एवढी वीज नेणार नाही. मग त्यांच्या मनात ती दुसरी गोष्ट आली, जी मनात येऊ नये म्हणून त्या इतकी वर्षं स्वतःला कामात ठेवत आल्या होत्या.

त्यांची आई शेवटच्या चार वर्षांत विसरू लागली होती. आधी किल्ल्या, मग गॅस, मग माणसं. नळ चालू सोडून जायची आणि पाणी उंबऱ्याबाहेर आलं की विचारायची, हे कुणी सोडलं. तिला खरंच ठाऊक नसायचं. काकूंना आठवत होता तो तिचा चेहरा: खोटं न बोलणारा, आणि तरीही चुकलेला.

आपणही काहीतरी चालू सोडत असू, आणि आपल्याला ठाऊक नसेल.

तेव्हापासून काकू दर तासाला घरभर फिरू लागल्या. बटणांना हात लावून पाहायच्या, कारण डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता. फ्रिज आठ दिवस बंद ठेवला, दूध दोन वेळा आणलं. नवऱ्याच्या दिव्यावर बंधन आलं. दुपारी चारपर्यंत खिडकीच्या उजेडातच काम. घड्याळजींनी कुरकुर केली नाही, पण एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात सेकंदकाटा उलटा बसवून दिला आणि तो माणूस हसत परत आला. एवढं करून पुढचं बिल तीनशे एकवीसचं आलं.

आणि खाली, धाकट्या जावेकडे, हिरवं पान.

घर दुमजली होतं, दोघा भावांचं. पूर्वी थोरले खाली आणि धाकटे वर राहत. तीन वर्षांपूर्वी धाकट्या जावेचे गुडघे गेले, जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसू लागली, तेव्हा काकूंनीच सुचवलं की आपण मजले बदलू. एका रविवारी सामान हललं. कपाटं वर गेली, कपाटं खाली आली, दोघी जावांनी मिळून पडदेसुद्धा बदलले. गेल्या थंडीपासून धाकटीनं गुडघ्यांसाठी गरम पाण्याचा गीझर घेतला, मग उन्हाळ्यात एसी. तरी तिच्या रंगीत कागदावर लाल चिमणीऐवजी हिरवं पान यायचं. ते तिनं फ्रिजच्या दारावर चिकटवलं होतं. येईल त्याला सांगायची, की पाच ताऱ्यांची यंत्रं घ्यावीत, करंट खातच नाहीत. वहिनींचा जुना फ्रिज काढून टाकायला हवा, असंही ती प्रेमानं सुचवायची. ज्या महिन्यात काकूंनी फ्रिज बंद ठेवला त्या महिन्यात तर तिचं बिल आणखी उतरलं. काकूंना काही म्हणजे काही उमगेना.

शेवटी त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं. सगळं नाही, एवढंच, की मी काहीतरी विसरतेय बहुतेक. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती फार मऊ आवाजात म्हणाली, की गुरुवारी मी येते, आपण एका डॉक्टरांना दाखवू, नुसतं बोलायला. तो मऊ आवाज काकूंना ओळखीचा होता. त्या स्वतः आईशी तसंच बोलत असत.

सोमवारी मीटरवाले आले. पन्नाशीचे, गळ्यात यंत्र अडकवलेले, बोलायला मोकळे. काकूंनी जिन्यातच त्यांना गाठलं. त्यांनी सांगितलं की उपाय सोपा आहे. घरातली सगळी बटणं बंद करायची, खाली येऊन आपल्या मीटरचा लाल ठिपका बघायचा. लुकलुकायचा थांबला तर मीटर ठीक, घरातच काहीतरी खातंय. लुकलुकत राहिला तर वायरीत गळती. "मी ही लाइन उरकून येतो. तोवर बघून ठेवा," म्हणून ते पुढच्या घरी गेले.

काकूंनी वही काढली. कपडे-खोलीत करत तशी यादी केली: पुढच्या खोलीतला पंखा, आतला पंखा, दिवा एक, दिवा दोन, फ्रिज, टीव्ही, टेबलाचा दिवा. एकेक बंद करून एकेक खूण केली. घड्याळजींना हात मांडीवर ठेवून बसायला सांगितलं. मग जिना उतरल्या. जिन्याखाली दोन मीटर होते, दोघा भावांच्या नावांच्या पट्ट्या लावलेले, आणि प्रत्येकाखाली एक मेन खटका. नवऱ्याच्या नावाच्या मीटरवरचा ठिपका धपापत होता, जणू धावून आला होता.

गळतीचं काकूंच्या मनातही आलं नाही. म्हणजे आपलंच काहीतरी राहिलं.

त्या वर गेल्या. यादी पुन्हा तपासली. सातही बंद. खाली आल्या. ठिपका तसाच. पुन्हा वर. या वेळी त्यांनी वही घड्याळजींच्या हातात दिली आणि म्हणाल्या, तुम्ही वाचा, मी हात लावून सांगते. त्यांनी वाचलं, काकूंनी हात लावला. सगळं बंद. घड्याळजींनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि भिंग खिशात ठेवलं. बसून घे जरा, म्हणाले. काकू बसल्या नाहीत. तिसऱ्यांदा खाली गेल्या आणि त्यांनी आपल्या नावाचा मेन खटकाच खाली पाडला. ठिपका विझला. चला, एवढं तरी आपल्या हातात आहे, असं म्हणत त्या जिना चढल्या.

वर टेबलावरचा दिवा जळत होता.

घड्याळजींच्या चिमट्यात एक स्क्रू राहिला होता, तो बसवून टाकू म्हणून त्यांनी हळूच बटण दाबलं होतं. बायको दारात दिसताच त्यांनी शाळकरी मुलासारखा हात मागे घेतला. पण ती ओरडली नाही. ती दिव्याकडे बघत होती.

"हा लागलाय ना? का मलाच दिसतोय?"

"लागलाय. बंद करतो."

"मी मेन पाडून आलेय," काकू म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "का नाही पाडला? अहो, मी खाली गेले होते ना आत्ता?"

त्या जमिनीवरच बसल्या. तेवढ्यात खालून हाक आली.

"वहिनी, तुमच्याकडेही गेली का हो लाइट? पाणी गार झालं, आणि माझ्या डोक्यावर सगळा रंग आहे."

वर दिवा जळतच होता. घड्याळजींनी दिव्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि बंद पडलेलं घड्याळ कानाशी धरतात तशी मान तिरकी करून जरा वेळ उभे राहिले. मग एवढ्या वर्षांत उतरले नव्हते इतक्या भरभर पायऱ्या उतरले. खटका वर केला.

"आली," खालच्या न्हाणीघरातून आवाज आला.

त्यांनी खटका पाडला.

"परत गेली. कोण खेळतंय ते?"

"दोन मिनिटं थांब गं," घड्याळजी म्हणाले आणि खटका वर करून, अजून एकदा पाडून पुन्हा वर केला. दुरुस्ती झाली की ते तीनदा तपासत, हा त्यांचा नियमच होता. मग वर पाहून म्हणाले, "अगं, माणसं बदलली, मीटर जिथल्या तिथे राहिलं. आपल्या नावाचं मीटर अजून खालच्या मजल्याचंच आहे. तीन वर्षं आपण त्यांचं बिल वाचतोय."

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्याचं नाव त्याचं बिल, एवढंच सगळे धरून चालले होते. वायरमन आला की खबरदारी म्हणून दोन्ही खटके एकदम पाडायचा, त्यामुळे तेव्हाही कळलं नाही. आणि गीझर येईपर्यंत दोन्ही घरांचे आकडे उन्नीस-बीसच असायचे.

काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर आल्या होत्या. "म्हणजे मी काही चालू सोडलं नव्हतं?"

"तू? तू मला सोडू देत नाहीस, तू काय सोडशील."

धाकटी जाऊ डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. कानामागून काळा ओघळ येत होता. तिला आधी समजेना, समजलं तेव्हा ती पार खजील झाली. पाच ताऱ्यांचं गल्लीभर सांगून झालं होतं. पैशांचं भाऊभाऊ बघून घेतील, असं काकूंनी एका वाक्यात उडवून लावलं. त्यांना वेगळंच काही हवं होतं. "तुझी बिलं आहेत का गं ठेवलेली? मला दाखव."

जावेनं पिशवी आणून दिली. काकू जिन्यातच बसून एकेक बिल उलगडू लागल्या. बासष्ट. चौसष्ट. एकसष्ट. बासष्ट. फ्रिज बंद ठेवला त्या महिन्यात अठ्ठेचाळीस. तीन वर्षांत कुठे एक आकडा उधळला नव्हता. काकू ते हळूहळू, बोट ठेवून वाचत होत्या आणि त्यांचा श्वास जागेवर येत होता. मीटरवाले परत आले तेव्हा जिन्यात तिघं आणि भोवती कागदच कागद होते. नाव बदलायला अर्ज, मग तपासणी, दोनेक महिने जातील, असं त्यांनी सांगितलं. तोवर लाल चिमणी वरच येत राहणार. काकूंनी विचारलं, की मग तो तीन वर्षांचा धूर तुमच्या वहीत कुणाच्या नावावर? मीटरवाल्यांनी डोकं खाजवलं. धूर तर तिकडे दूर वीजकेंद्रात निघतो, इथे नुसता आकडा येतो, एवढंच त्यांना माहीत होतं. तो धूर कुणाच्या नावावर, हे काकूंना तेव्हाही कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावला. उत्साहात होत्या. "अगं, मी विसरत नाहीये. गीझर तिचा, नाव आपलं, आपण वर पण मीटर खाली, म्हणजे मीटर दोन्ही खालीच आहेत, पण आपलं खालचं आहे. मी मेन पाडला तरी बाबांचा दिवा चालूच, आणि धूर निघाला तो माझा नव्हताच."



"आई," लेक त्याच मऊ आवाजात म्हणाली, "बाबा आहेत का जवळ?"

घड्याळजींनी फोन घेतला. त्यांना वाटलं, मुळापासून सांगावं. म्हणून ते मजले बदलले त्या रविवारपासून सुरू झाले, मग पडद्यांवर आले, मग जावेच्या केसांच्या रंगावर. ते सांगत असताना काकू बाजूला उभ्या राहून कपाळाला हात लावत होत्या. शेवटी त्यांनी फोन हिसकावून घेतला.

"तू गुरुवारी येच," त्या म्हणाल्या. "तुला जिन्याखाली उभी करते, खटका तुझ्या हातानं पाडायला लावते, आणि मग वर येऊन बघ. डॉक्टरांकडे त्यानंतर ज्याला जायचं असेल त्यानं जावं."