नेलपॉलिश पुसायच्या बाटलीचा वास
काल मुलीनं नेलपॉलिश पुसायची बाटली उघडली आणि त्या गोडसर, उग्र वासानं मी थेट राळेगावकडच्या आमच्या घरी जाऊन पोचलो. कपाशी बुडत होती ती वर्षं. कॉलेजात जाणारी माझी बहीण ओसरीवर पडली होती, धापा टाकत होती आणि तिच्या तोंडाला हाच वास येत होता. फवारणीचं औषध घेतलं, असं सगळे धरूनच चालले. गावात तेव्हा तसंच घडत होतं. "काहून पेली वं?" बाबा पुन्हापुन्हा विचारत होते. "म्या काही नाही पेलं, मले पाणी द्या," ती म्हणायची, आणि काकू तिला ओकारीसाठी मिठाचं पाणी पाजायची. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. म्हणाल्या, "विष नाही, शुगर आहे. रक्तात साखर भरपूर आहे, पण ती आत घ्या हा इन्सुलिनचा निरोपच पेशींना मिळत नाही. मग चरबी जळते, तिचा हा वास." बहीण आता रोज इन्सुलिन घेते, बरी आहे. माझ्या मात्र अजून अंगावर येतं. कितीतरी दिवस ती पाणी पिऊन पिऊन माठ रिकामा करत होती, तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही; तिनं विष घेतलं, हे आम्हाला लगेच खरं वाटलं.