पाच नावांचं कार्ड

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि चौबे कॉलोनीतल्या प्रत्येक पुरुषाला आपण अर्धे मंत्री झाल्यासारखं वाटू लागलं. आमच्या घरात असे दोन होते. एक माझे बाबा, गोलबाजारातल्या कापडाच्या पेढीवरून निवृत्त झालेले. दुसरे काका, बाबांचे धाकटे भाऊ, बिनलग्नाचे, कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज लिहिणारे. दोघांचे पक्ष वेगळे, चहा मात्र एकाच पातेल्यातला. तो आई करायची.

त्या वर्षांत संध्याकाळचा विषय ठरलेला होता: दवाखान्यांचे दर सरकारनं बांधून द्यावेत की नाही. तेलीबांध्याकडे काचेचे दवाखाने उभे राहत होते, त्यामुळे विषयाला खतपाणीही भरपूर. बाबा म्हणायचे, "किराणा दुकानात डाळीचा भाव लिहून असते, मंग ऑपरेशनचा दारावर काहून नाही?" काका म्हणायचे, "भाव बांधले तं चांगले डॉक्टर नागपूरले पळतीन दादा, अन् आपल्याले कंपाउंडर उरतीन." दोघांपैकी एकानंही आयुष्यात कुठल्या दवाखान्याची पायरी चढली नव्हती, त्यामुळे दोघांची मतं अगदी पक्की होती.

मग सरकारनं विम्याचं कार्ड काढलं. कार्ड दाखवा, भरती व्हा, बिलाचं विमा कंपनी बघेल. बाबांनी आठवडाभर त्या योजनेची आरती केली आणि काकांनी तितकेच दिवस तिची सालटी काढली. अट एकच होती: एका कार्डावर पाचच नावं. आमच्या घरात माणसं सहा. बाबा, आई, काका, मी, माझी बायको आणि आमची पोट्टी, म्हणजे लेक.

ओसरीवर सभा भरली. बाबांचं नाव पहिलं, कारण ते घरातले कर्ते आणि योजनेचे समर्थक. मग सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. जो माणूस आठवडाभर या कार्डाला शिव्या घालत होता, तो आता बाणेदारपणे नाव मागे घेईल असं आम्हाला वाटलं.

"माहा विरोध धोरणाले आहे," काका म्हणाले, "कार्डाले नाही."

माझी बायको म्हणाली, "माझं काढा, आईंचं राहू द्या." त्या सभेतलं शहाणपणाचं वाक्य तेवढं एकच होतं, म्हणून ते लगेच फेटाळलं गेलं. अजून एक मूल व्हायचं होतं, बाळंतपणाला कार्ड नको का? माझं नाव कमावता म्हणून, पोट्टीचं लहान म्हणून. उरली आई.

"काढा माहं," आई पदराला हात पुसत म्हणाली. "मले काय होते?"

हे मात्र सगळ्यांना मान्य होतं. आईला कधीच काही होत नसे. तिला कुणी विचारतही नसे, पण तो मुद्दा सभेपुढे आला नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. त्यात माझंही मत होतं.

नावं नोंदवायला शाळेत शिबिर होतं. आईही आली, कारण राशन कार्ड कुठल्या पिशवीत आहे ते फक्त तिला ठाऊक. आम्ही पाच जणांनी यंत्रावर अंगठे टेकवले, तोवर ती पाण्याची बाटली धरून उभी राहिली.

योजनेचा पहिला लाभ विरोधी पक्षानं घेतला. काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि परत आल्यावर महिनाभर ते तिथल्या खिचडीवर टीका करत राहिले. मग समता कॉलोनीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बाबांचा मोतीबिंदू निघाला. पट्टी सुटल्यावर बाबा घरभर नव्या इन्स्पेक्टरसारखे फिरले. जळमटं दिसली, भिंतीची पोपडी दिसली, काकांच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं. शेवटी चहाचा कप घेताना त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुह्या डोळ्यात हे पांढरं काय आहे?"

"कुठं काय," आई म्हणाली. "थोडं धुकं दिसते फक्त."

"दादी को तो कब से नहीं दिखता," आमची पोट्टी म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच. "चावल मैं बीनती हूँ. चाय में उंगली डालके देखती है, कप भरा कि नहीं."

चहात बोट! त्यावरून काकांनी गेले कित्येक महिने नाक मुरडलं होतं. मला त्या दिवशी स्वतःची एवढी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

लाज वाटून काय होतं? आईच्या डोळ्याला धोरणाची वाट पाहावी लागली. दर बांधून दिल्याशिवाय खासगी दवाखान्याला पैसे मोजणं म्हणजे लुटारूंपुढे गुडघे टेकणं, असं बाबांचं म्हणणं. सरकारी दवाखान्यात फुकट होईल असं मी म्हटलं, तर सरकारचा एवढा कैवार घेणारे बाबा म्हणाले, "तिथं कोन जाते?" काका म्हणाले, "घाई काहून करता? मोतीबिंदू पिकू द्या. कच्चा काढत नसतात." जसं काही पाडाला लागलेला आंबा होता. मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात बघू. माझा पुढचा महिना वर्षभर आला नाही.

मग कार्डं नवी करायचं शिबिर लागलं. त्याच शाळेत. या वेळी आई बाटली घेऊन बाजूला थांबली नाही. माझ्या दंडाला धरून टेबलापर्यंत आली आणि कॉम्प्युटरवरच्या बाईंना म्हणाली, "दीदी, मेरा नाम लिखो."

"पाँच पूरे हैं, अम्मा. किसका काटूँ?"

"मेरा काटो," बाबा पुढे सरसावले.

"आप मुखिया हो. मुखिया का नहीं कटता."

"मंग माहं कापा," काका म्हणाले. "मी तं पहिल्यापासून या योजनेच्या विरोधातच आहे."

"अन् हर्नियाच्या वेळी कोनत्या बाजूनं होता रे?"

झालं. त्याग कुणी करायचा यावर वाद पेटला, आणि त्यातून गाडी दवाखान्यांच्या दरांवर गेली. मागची रांग कुरकुरू लागली. टेबलामागच्या बाईंनी कपाळाला हात लावला.

"दीदी," आई म्हणाली, "इन दोनों में जो ज्यादा बोलता है, उसका काट दो."

दोघेही एकदम गप्प झाले. भर वाक्यात. जे कुठल्या पुढाऱ्याला जमलं नव्हतं ते आईनं केलं. आता त्या बाई माझ्याकडे बघत होत्या. इतका वेळ मी एक शब्द बोललो नव्हतो. या दोघांपेक्षा मी बरा, कारण मी भांडत नाही, असंच मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. पण त्या पाचांत माझंही नाव होतं, आणि ते काढा म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं.

"मेरा काट दीजिए," मी म्हणालो.

आईनं माझा दंड सोडला, मागे वळली आणि हसली. मी समजून, रांगेतल्या माझ्या शेजारच्या माणसाकडे बघून.