पिल्लानं दाणा टिपेपर्यंत

आमच्या घरमालकांइतका त्रासदायक दयाळू माणूस मी उभ्या जुन्नर-आंबेगावात पाहिला नाही. निर्दय माणसाशी निदान भांडता येतं. त्याच्यावर पत्रक लिहिता येतं, चार लोक जमवून त्याच्या दारात ओरडता येतं. पण घोंगडं झटकण्याआधी त्यातल्या ढेकणांना बाहेर पडायला सवड देणाऱ्या माणसाशी भांडायचं कशावरून? मी तेव्हा विशीतला, स्वदेशीच्या पत्रकांवर पोसलेला. घोडेगावच्या पेठेत शेटजींच्या हिरड्याच्या दुकानामागची खोली मी घेतली होती. त्यांचे पूर्वज मारवाडातून आलेले जैन, पण शेटजींना राग यायचा तोही मराठीतच, आणि तोही अर्धवट. मी परदेशी साखरेवर अर्धा तास तावातावानं बोललो की ते शांतपणे म्हणायचे, "भाऊ, तुमचं अगदी खरं आहे. पण तुम्ही जेवलात का?" एकदा हिरड्याच्या पोत्यात उंदरीण व्याली, तर पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत त्यांनी ते पोतं हलवू दिलं नाही. गिऱ्हाईक आलं की तोंडावर बोट ठेवून सांगायचे, "हळू बोला, आत बाळंतीण आहे." गिऱ्हाईक बिचारं घराच्या दिशेनं बघून आवाज खाली आणायचं.

या दयेची परीक्षा एका बाजाराच्या दिवशी झाली. वरच्या डोंगरातली एक म्हातारी नेहमी आमच्याकडे हिरडा घालायची. त्या दिवशी तिच्याजवळ टोपलीत एक कोंबडी आणि नुकतीच फुटलेली पिल्लं होती. अवसरीला लेकीकडे न्यायची होती. एक अंडं तेवढं मागं राहिलेलं, ते आमच्या ओसरीवर फुटलं. आतून निघालं ते पिल्लू ओलं, मान टाकलेलं, आणि त्याचे पाय दोन दिशांना फाकलेले.

"ऱ्हाऊ द्या शेट," म्हातारी म्हणाली. "मागं ऱ्हायलेलं हाय त्ये, न्हाई जगायचं. कोंबडीबी जवळ घ्याची न्हाई त्येला."

"मग काय, टाकून देणार?"

"टाकू न्हाई तर काय पाळण्यात घालू?"

शेटजींनी ओंजळ पुढे केली. म्हातारीनं कपाळाला हात लावला आणि जाता जाता सांगितलं, "वाळवी घाला मग. वारुळाचं ढेकूळ फोडून म्होरं टाकलं की कसलंबी मरतुकडं उठतंय बगा." शेटजींनी कान झाकले.

आतून शेठाणीबाई कडाडल्या, "कोंबडी? आपल्या घरात?" शेटजी म्हणाले, "कोंबडी कुठंय, अजून पिल्लू आहे." शेवटी ओसरीच्या आत आणायचं नाही, या बोलीवर ते राहिलं. टोपलीत कापूस घातला, कापसाखाली माझी पत्रकं. सहा महिन्यांत माझ्या लेखनाचा कुणाला झालेला हा पहिलाच उपयोग. ऊब द्यायला दिवा नको, दिव्यावर किडे येऊन मरतात. म्हणून उन्हात वाळू तापवायची आणि फडक्यात बांधून पिल्लाशेजारी ठेवायची. फाकलेले पाय जवळ यावेत म्हणून शेटजी त्यांना सैलसर दोरा बांधू लागले. मी ओरडलो, "दोरा विलायती आहे!" आणि धावत जाऊन घरी कातलेलं सूत मागून आणलं. पिल्लू स्वदेशी झालं, पण उभं राहीना. त्याला खाली सोडण्याआधी शेटजी लोकरीच्या मऊ झाडणीनं जमीन झाडून मुंगी न मुंगी बाजूला करायचे. उकळून निववलेलं पाणी द्यायचे. दिवस मावळला की स्वतःच्या ताटाबरोबर त्याची कण्यांची ताटलीही उचलायचे. मी म्हणालो, "ही उपासमार आहे. दिवस मावळल्यावर काही न खाण्याचा तुमचा चौविहार त्या जिवावर कशाला लादता?" ते हसले. "भाऊ, कोंबडी अंधारात खात नाही. जन्मानंच चौविहारी आहे ती." मला हे ठाऊकच नव्हतं. खेड्यांच्या उद्धारावर मी तोवर सहा पत्रकं लिहिली होती.

पण दिवसाउजेडीही ते खाईना. तिसऱ्या दिवशी मान उचलायचं थांबलं. शेटजींनी कापसाच्या वातीनं ताकाची निवळ चोचीत सोडली, आणि तिथंच हात जोडून नेम घेतला: पिल्लू स्वतः दाणा टिपेपर्यंत मलाही अन्न नाही. मग फक्त कोमट पाणी, आणि दिवसभर ताटलीवर नखानं टक-टक. कोंबडी म्हणे पिल्लांना असंच खायला शिकवते. दोन दिवस गेले. साठीचा माणूस, खांबाला धरून उठू लागला. शेठाणीबाई माझ्याकडे येऊन रडल्या. "तुम्ही कुणालाही बोलता भाऊ, यांना बोला ना!"

मी बोललो. "शेटजी, हा शुद्ध मूर्खपणा आहे. मी वाळवी आणतो."

"एका जिवासाठी शंभर जीव? ते कसं, मला समजावून सांगा."

"आणि तुम्हीच गेलात तर?"

"मला उपासाची सवय आहे," ते म्हणाले. "त्याला नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी टक-टक करता करता शेटजींना खांबाशी डुलकी लागली. ओसरीच्या टोकाला, न झाडलेल्या कोपऱ्यात, ते रोज सकाळी मुंग्यांना पीठ घालायचे. पिल्लू उठलं. बांधल्या पायांनी घसरत, पडत तिथवर गेलं आणि मान वाकडी करून बघत राहिलं. मग टोचलं. एक मुंगी. मग दुसरी. मी अर्धा उठलो होतो, तो पुन्हा बसलो. बघता बघता त्याच्या गळ्याखाली फुगवटा आला, आणि ते असं खणखणीत ओरडलं की शेटजी जागे झाले.

"खाल्लं?"

"खाल्लं."

"काय खाल्लं?"

खरं बोलण्यापायी मी दोन नोकऱ्या आणि एक सोयरीक घालवली होती. "कण्या," मी म्हणालो.

ताटली आमच्या दोघांच्या मध्येच होती, सकाळी भरली तशीच्या तशी. शेटजींनी तिच्याकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, मग कितीतरी वेळ माझ्याकडे. आणि आत वळून हाक मारली, "अहो, जरा मुगाचं पाणी आणता का?" त्या दिवसापासून झाडणी खुंटीवरच राहिली. त्या कोपऱ्यात पीठ दुप्पट पडू लागलं, आणि टाकून झालं की शेटजी मुंग्यांना हात जोडून काहीतरी पुटपुटत.

महिन्याभरानं म्हातारी आली तेव्हा पिल्लू ओसरीभर पळत होतं. "आरं द्येवा, जगलं की! तुरा बगा शेट, कोंबडा व्हणार ह्यो." शेटजींचा चेहरा उतरला. डोंगरात पाव्हणा आला की कोंबड्याचं काय होतं, हे त्यांना माहीत होतं. ठेवून घ्यावं तर आतून शेठाणीबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. म्हातारीनं पिल्लू टोपलीत घातलं, तसं त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि एवढंच म्हणाले, "फडकं सैल बांध."

पुढे म्हातारी कितीतरी बाजार आली. शेटजी तिला पावसाचं विचारायचे, गुडघ्यांचं, नातवंडांचं. त्याचं कधी नाही. जगाला जाब विचारत फिरणारा मी, मीही विचारलं नाही. एकदा तिच्या टोपलीतून आरवणं ऐकू आलं. शेटजींच्या हातात तागडी तशीच राहिली. म्हातारी हसून फडकं सोडायला वाकली, तसे ते घाईघाईनं म्हणाले, "असू दे, असू दे. झाकलेलंच असू दे."