फोटोपुरती शाल

ती शाल अजून माझ्या डोळ्यांपुढनं हलत नाही. ही केस मी फक्त आमच्या मंडळींना सांगितली होती. त्या यंदा गेल्या. आता घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून लिहितोय.

मी तेव्हा कोल्हापुरात सहायक फौजदार होतो. लोककला जपणाऱ्या एका संस्थेचा संचालक चोरीची तक्रार घेऊन ठाण्यात आला. सरकारी अनुदानातून म्हाताऱ्या कलावंतांचा सत्कार झाला आणि एक ढोलकीवाला सत्काराची शाल घेऊन पळाला, असं त्याचं म्हणणं.

मी जीप घेऊन कळंब्याला त्याच्या घरी गेलो. ढोलकीवाल्याची बायको अंथरुणाला खिळलेली. शाल तिच्या अंगावर. मी शालीला हात लावला नाही. म्हाताऱ्याला तेवढं गाडीत बसवलं. सगळी गल्ली दारात येऊन बघत होती.

ठाण्यात त्याला आधी चहा दिला. म्हाताऱ्या माणसाला दम दिला की तो नुसतं व्हय व्हय करतो, त्यातनं खरं निघत नाही.

“शाल का नेली, बाबा?”

“सत्कार माझा केला न्हवं? मग माझीच की ती! दरसाली फोटू काढत्यात आन् खांद्यावरनं वढून घेत्यात. औंदा म्हटलं, बायकूला दावू तरी.”

“आणि मानधन?”

“कसलं मानधन? नारळ दिलता. त्योबी फुडच्या पावण्याला पायजे म्हणून काढून घेतला.”

मग संचालकाला समोर बसवलं. तो तोऱ्यात म्हणाला, “साहेब, शाल संस्थेची मालमत्ता आहे. सत्कार फोटोपुरता असतो. सरकारला दाखवावा लागतो.”

“मग मानधनबी फोटोपुरतंच काय?”

गड्यानं पाण्याचा ग्लास उचलला. आपल्याच तोंडानं फसला होता. बाकीच्या कलावंतांना बोलावून विचारलं, सगळ्यांचं तेच. मानधन वाटलं म्हणून सरकारला कळवलेलं, हातात कुणाच्याच पडलेलं नाही. चोरीची तक्रार निकाली निघाली आणि उलट त्याच्यावरच फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

पण त्याच अनुदानातनं तो जो दांडगा पगार उचलत होता, त्याला आम्हाला हात लावता आला नाही. कार्यकारिणीनं रीतसर ठराव केला होता. कार्यकारिणीत त्याचेच मेहुणे. कलावंताला नारळसुद्धा नाही, आणि हे कायद्यात बसतं. मला ते आजही पटत नाही.

म्हाताऱ्याला मी स्वतः घरी सोडलं. त्याच्या बायकोला म्हटलं, “मावशी, तुमचा मालक चोर न्हाय.”

ती पडल्या पडल्या म्हणाली, “मला काय सांगतासा? त्ये मला ठावं हाय. गल्लीला सांगा की!”

मी बाहेर आलो, टोपी नीट केली आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं सांगितलं.

आम्ही पोलीस माणसाला नेतो चारचौघांदेखत आणि सोडतो गुपचूप. त्यानंतर निर्दोष सुटलेल्या प्रत्येकाला मी दिवसाउजेडी, वर्दीत, त्याच्या दारापर्यंत पोचवलं.