अराबाने मोजायला लावलेली मतं

अराबा एसिल्फी पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली ती निवडणुकीच्या वर्षी, पक्षाच्या मिरवणुकीत. माझ्या वर्गात मुलांची परीक्षा चालू होती आणि कर्णा लावलेली गाडी शाळेसमोर आली. गाडीपुढे नाचणाऱ्या बायकांत ती सर्वांत पुढे होती. खिडकीतून तिला बाकांवर वाकलेली डोकी दिसली, तसा तिने कर्णा बंद करायला लावला. गाडीत बसलेला पक्षाचा अध्यक्ष क्वामेना ओटू हा तिचा सख्खा मामा. तो रागावला. शाळा मागे पडेपर्यंत तिने मिरवणूक मुकाट चालवली.

केप कोस्टजवळच्या आमच्या कोळीवाड्याची मतं पिढ्यान्‌पिढ्या याच पक्षाला जायची. अराबा मासे भट्टीच्या धुरावर सुकवून विकते. तिच्या भट्ट्या मामाच्या अंगणात होत्या, आणि आमच्याकडे घरात शब्द चालतो तो मामाचाच. त्या वर्षी मात्र होड्यांचं सरकारी इंधन पक्षाच्या मर्जीतल्यांनाच मिळू लागलं. भट्टीवरच्या म्हाताऱ्या बायका मनातून पक्षाविरुद्ध फिरल्या. उघड कोणी काही बोललं नाही.

मतमोजणी शाळेच्या अंगणात, सगळ्यांसमोर झाली. मी केंद्रप्रमुख होतो, अराबा तिच्या पक्षाची प्रतिनिधी. मी एकेक मतपत्रिका उघडून वर धरायचो आणि दोरीपलीकडचे लोक एका सुरात आकडा म्हणायचे. मग अंगठ्याचे दोन-दोन ठसे असलेल्या पत्रिका निघू लागल्या. विरोधी उमेदवारासमोर ठळक ठसा, अराबाच्या पक्षासमोर फिकट. म्हाताऱ्या बायकांनी उभा दुमडायचा कागद शाई ओली असतानाच आडवा दुमडला होता, मासे बांधायचा कागद दुमडतात तसा.

दोरीपलीकडून ओटू म्हणाला, "बाद म्हण, अराबा. दोन ठसे म्हणजे बाद."

नियमाप्रमाणे मी प्रतिनिधींचं म्हणणं विचारलं. अराबा उठून टेबलापाशी आली.

"मास्तर, घडी घाला."

मी जुन्याच घडीवर कागद मिटला. ठशावर ठसा बरोबर बसला.

"ओल्या शाईचा डाग आहे, मामा. मत समोरच्या पक्षाचंच."

"तू कोणाची प्रतिनिधी आहेस गं?"

"तुमचीच. मीही मत आपल्यालाच दिलंय. पण ही मतं आपली नाहीत. या बायका उन्हात उभ्या राहिल्या त्या काय बाद व्हायला?"

गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "भाची तुझी असेल रे ओटू, अंगठा माझा आहे." लोक खो खो हसले. ओटूचा चेहरा उतरला.

"उद्या माझ्या अंगणातून भट्ट्या हलव," तो म्हणाला.

"उद्या कशाला? राख आजच काढते. आधी मोजून होऊ द्या."

अशी प्रत्येक पत्रिका तिने मला दुमडून दाखवायला लावली. आमच्या केंद्रावर तिचा पक्ष पहिल्यांदाच हरला. त्या निकालावर तिने सही केली आणि पदर कमरेला खोचावा तसं अंगाभोवतीचं कापड घट्ट बांधून ती घरी गेली. मातीच्या भट्ट्या उचलून नेता येत नाहीत. तिने त्या स्वतःच्या हाताने फोडल्या.

जिंकलेल्या पक्षाची माणसं दारूची बाटली घेऊन तिचे आभार मानायला आली. तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. म्हणाली, तुमच्यासाठी मी काही केलेलं नाही, आता तुमच्या राज्यात इंधन कोणाला मिळतं ते बघते. स्वतःचा पक्षही तिने सोडला नाही. बैठकीला जाते, पुढच्याच बाकावर बसते. तिथे मामा तिच्याशी बोलत नाही.

सध्या तिच्या नव्या भट्ट्या एका मीठवाल्याकडून भाड्याने घेतलेल्या जागेत आहेत, आणि बुधवारी-शनिवारी ती मासे घेऊन मांकेसिमच्या बाजाराला जाते.