बागेबाहेरची शिवलीला

"बाई, अक्का गेली की वो..." शिवलीलाच्या धाकट्या भावाचा, मल्लिनाथचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात न्यायचा डबा भरत होते. झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला, चपलाही घातल्या, आणि मग ध्यानात आलं की आता डबा कुठे न्यायचाच नाही. याला दीडेक महिना होईल. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत डॉ. शिवलीलाचं दार माझ्या दारासमोर. मी शाळेतून निवृत्त झालेली, ती पिकांच्या रोगांवर संशोधन करणारी. नवरा-मुलं दोघींनाही नाहीत, म्हणून एकमेकींच्या घराची किल्ली एकमेकींकडे. परवा कुरियरवाल्याने विचारलं, समोरच्या मॅडम कधी भेटतील? मी म्हटलं, गावाला गेल्यात. का म्हटलं, कोण जाणे.

तिचं सगळं आयुष्य डाळिंबावरच्या तेल्या रोगामागे गेलं. आमच्याकडे तेल्या कुणाला समजावून सांगावा लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. पानावर तेल सांडल्यासारखे डाग पडतात, मग ते फळावर येतात, फळ तडकतं आणि उभी बाग हातची जाते. "अगं, मग चांगलंसं औषध शोध की," असं मी एकदा तिला शहाणपणाने सांगितलं. "फवारून फवारून किती फवारणार? मी झाडालाच शहाणं करतेय," ती म्हणाली, आणि चहा उकळेपर्यंत तिने मला सगळं समजावलं. झाडाच्या पेशींवर राखणदार असतात. आत शिरणारा जंतू चोर आहे हे त्यांनी ओळखलं की ते बोंब ठोकतात आणि झाड दारं लावून घेतं. डाळिंबाच्या राखणदारांना हा चोर वेळेवर ओळखूच येत नाही. मोहरीच्या गोतातल्या एका रानझाडाकडे मात्र असल्या चोरांना पटकन ओळखणारा राखणदार आहे. त्याचं जनुक काढून डाळिंबात घालायचं, एवढाच तिचा उद्योग. "म्हणजे घरजावई आणायचा म्हण की!" मी म्हटलं. ती इतकी हसली, की चहा उतू गेला. तेव्हापासून त्या जनुकाचं नाव आमच्यात 'जावई' पडलं. "जावई रुजला का?" मी विचारायचे. बरीच वर्षं उत्तर यायचं, "रुसलाय."

असली झाडं मोकळ्या रानात लावता येत नाहीत. ती बंदिस्त काचघरात वाढवायची, मुद्दाम जंतू फवारून त्यांना रोग लावायचा, आणि पराग बाहेर जाऊ नयेत म्हणून कळ्या उमलायच्या आत खुडायच्या. कळ्या ती स्वतः खुडायची. उभा जन्म डाळिंबापायी घालवलेल्या या बाईने आपल्या झाडाचं फळ कधी पाहिलं नाही.

आणि भावाची बागही पाहिली नाही. अक्कलकोटच्या वाटेवर मल्लिनाथची डाळिंबाची बाग आहे. गावातलं घर सोडून तो आईला घेऊन बागेतल्या वस्तीवर राहायला गेला आणि हिचं माहेर बंद झालं. कारण ही दिवसभर तेल्याच्या जंतूत वावरणार, ठिकठिकाणच्या बागांतून आणलेले नमुने हाताळणार. अंगाला, कपड्याला चिकटून काही गेलं तर? लॅबपासून महिनाभर लांब राहिल्याशिवाय भावाच्या बागेत पाय ठेवायचा नाही, असा तिने नियम केला, आणि काचघरातली झाडं सोडून महिन्याची रजा तिने जन्मात घेतली नाही. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेलं तरी चालतं, असं तिचे सहकारी हसून सांगायचे. मीही वाद घातला. "ते मला कळत नाही का, सुमन?" ती म्हणाली. "पण त्याच्या बागेत एक जरी डाग पडला, तर तो मीच नेला असं मला मरेपर्यंत वाटत राहील."

मग बहीणभावाची भेट डांबरी रस्त्यावर व्हायची. दोनदा मी सोबत होते. मल्लिनाथ आईला जीपमध्ये बसवून आणायचा, रस्त्याकडेच्या लिंबाखाली सतरंजी पडायची, आणि मायलेकी कन्नडमध्ये बोलत बसायच्या. पुढे बागेत तेल्या आलाच. तेव्हा तो तिच्यावर चिडून म्हणाला, "तू न येता बी आला की तेल्या! आता तरी ये. पाय धू, अन् चल." ती हलली नाही. आई गेली आणि तिला बागेच्या कोपऱ्यात माती दिली, तेव्हाही ही रस्त्यावरच उभी होती. भावकीतल्या बाया मला ऐकू जाईल अशा बोलल्या, "लई शिकली, पर आईच्या मातीला न्हाय आली." मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर हिचाही आला.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिने माझ्या दाराची बेल वाजवली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "जावई नांदतोय." जंतू फवारूनही काही रोपांवर डाग आला नव्हता. पुढे परवानग्या होत्या, मोकळ्या रानातल्या चाचण्या होत्या, पण तो पुढचा प्रश्न. आम्ही शिरा केला. त्यानंतर काही महिन्यांतच तिचं पोट दुखायला लागलं...

दवाखान्यात एका दुपारी ती एकाएकी म्हणाली, "सुमन, लॅब सोडून महिना होऊन गेला की गं मला!" चेहरा असा, जणू शाळेला सुट्टी लागली. "डॉक्टरांनी सोडलं की आधी मल्लूकडे जाऊ. त्याला सांगू नकोस, मी एकदम जाऊन उभी राहते." मी नाही सांगितलं. डॉक्टरांनी तिला सोडलंच नाही.

ती गेली त्या दिवशी मल्लिनाथ दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. "बाई, भावकी म्हणतीया, जित्तेपणी जी बागंत आली न्हाय तिला आता कशाला नेतोस, गावच्या जागेत ठेव. तुमीच सांगा, अक्का आली असती का?" तेव्हा मी त्याला तिचा तो एकदम येऊन उभं राहायचा बेत सांगितला. तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

त्यांच्यात मृताला बसवून, फुलांनी सजवलेल्या, खांद्यावरच्या विमानातून नेतात. आईशेजारचा खड्डा फाटकापासून जवळच होता, पण मल्लिनाथने विमान तिकडे वळू दिलं नाही. तिला त्याने अख्खी बाग फिरवली. भजनी मंडळी मागे, मी त्यांच्या मागे, आणि हा पुढे चालत तिला सांगतोय, "अक्का, ही जुनी लाइन. ही विहीर, आई हितं बसायची. ह्यो नवा प्लॉट, औंदा पहिला बहार..." खांदेकऱ्यांनी खांदे बदलले. पलीकडच्या कडेला आल्यावर तो एकदम थबकला. तिथल्या झाडांवर तेल्या होता, फळं तडकून काळी पडली होती. त्याने घाईघाईने हात केला. "फुडं चला, फुडं चला. हे अक्काला नगं दाखवायला."

विमान भराभर पुढे गेलं. मी मात्र त्या झाडांपाशी उभी राहिले. साऱ्या बागेत ती थांबली असती तर इथेच, चष्मा कपाळावर चढवून, पान उलटं करून बघत. मागे वळून हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं... जिला ते कळलं असतं अशी ती एकटीच होती, आणि ती पुढे निघून गेली होती.